सोळा आणे गाणं

(आपल्या रेडिओवरच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलं आहे.)



दुपारची भाकरी झाली असेल. डाळिंबाच्या बागेत कामाला गेलेल्या बायका आता सावलीला टेकल्या असतील. ज्यांची छाटणी अजून चालूच आहे त्यांनी मोबाईल फांदीला अडकवून ऐकलं तरी चालेल, मी जरा मोठ्यानं बोलते.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत भांडण झालं. हप्त्यावरून नाही, व्याजावरून नाही, चक्क गाण्यावरून. झालं असं की रेडिओवर आमच्या गटानं एक गाणं म्हणायचं ठरलं. आपल्या केंद्राचा रिवाज तुम्हाला माहीत आहे. सिनेमाच्या रेकॉर्डी आपण फारशा वाजवत नाही, ते परवडतही नाही. बायका येतात, माईकसमोर बसतात आणि आपल्या तोंडानं म्हणतात. तर कोणतं गाणं म्हणायचं? सुना म्हणाल्या झिंगाट. आक्का म्हणाल्या अभंग. एक वहिनी म्हणाली लताबाईंचं काहीतरी. बारा बायकांची बारा गाणी झाली आणि चहा गार झाला. शेवटी आमच्या सचिव मावशी वैतागून म्हणाल्या, "अगं, आधी सोळा आणे गाणं म्हणजे काय ते तरी ठरवा, मग निवडा!"

लहान मुलींसाठी सांगते. १९५७ साली नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे असायचे. म्हणून ज्यात काही कमी नाही ते सोळा आणे. मावशींनी असं म्हटल्यावर भांडण आणखी रंगलं. कुणी म्हणे बारा आणे चाल, चार आणे शब्द. कुणी म्हणे शब्दच नसतील तर चाल काय चाटायची? ठेक्याचे किती आणे, गाणारीच्या गळ्याचे किती, याचा हिशोब काही जमेना. गटाच्या वह्या मी लिहिते, म्हणून हाही हिशोब माझ्याच गळ्यात पडला. तो आज तुमच्यापुढं मांडते. बेरीज चुकली तर कळवा.

आधी जात्यापाशी जाऊ. आपल्या बायकांचं पहिलं लोकप्रिय गाणं म्हणजे ओवी. पेटी नाही, तबला नाही, दगडाची घरघर हेच संगीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. बघा, एक लाख! एकाही ओवीखाली कवी म्हणून छापील नाव नाही. कुणी विकत घेतली नाही, कुणी जाहिरात केली नाही, तरी एका गावातली ओवी शंभर कोसांवरच्या गावात सापडते. ती गेली कशी? मुलगी सासरी गेली, तिच्याबरोबर गेली.

जात्यावर समोरासमोर दोघी बसायच्या. खुंटा दोघींच्या हातात. एक ओवी सुरू करायची, दुसरी ती उचलायची. पहिलीचा दम संपायच्या आत दुसरीनं धरायची, म्हणजे हातही थांबत नाही आणि गाणंही थांबत नाही. माझ्या मते गाण्याची खरी परीक्षा इथंच आहे: दुसरीला ते उचलता येतं का? एकटीनं सुंदर गाणं ही मोठी गोष्ट आहे, पण ती गाणारीची थोरवी झाली. जे गाणं ऐकल्या ऐकल्या दुसरीच्या तोंडात जातं आणि तिथंही तेवढंच गोड राहतं, ते गाणं स्वतःच्या पायावर उभं आहे.

मग पिठाची गिरणी आली. कंबर वाचली, याचा आनंद मला आहे. जात्याचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांना मी नेहमी म्हणते, पहाटे चार पायली दळून बघा. पण जातं थांबलं आणि रोजचं ते दोघींचं गाणंही थांबलं. आता जातं निघतं ते हळदीला, पाच सवाष्णी हात लावतात, फोटो काढतात. त्याच सुमाराला घरात ट्रान्झिस्टर आला आणि ओवीची मोकळी जागा सिनेमाच्या गाण्यानं घेतली. म्हणून मी सिनेमाच्या गाण्याला हलकं समजत नाही. ती ओवीची धाकटी जाऊ आहे.

आता घरातली एक गोष्ट सांगते. आईची परवानगी घेतली आहे.

माझं आजोळ आटपाडी तालुक्यात. आई दहा-अकरा वर्षांची असताना जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, 'सांगत्ये ऐका'. अनंत माने यांचा हा चित्रपट १९५९चा. पुण्यात विजयानंद टॉकीजला तो १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं. तंबूंतून तर तो पुढं कित्येक वर्षं गावोगाव फिरत राहिला. त्यात आशा भोसले यांनी गायलेली 'बुगडी माझी सांडली गं' ही लावणी आहे. आई तंबूतून बाहेर आली ती हे गाणं तोंडात घेऊनच. एकदा ऐकलं, तेवढ्यात सगळं बसलं. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून म्हणायला लागली.

आईचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत, जेवायला बसले होते. त्यांनी काही शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसतं ताट पुढं सरकवलं आणि उठले. जाताना म्हणाले, "हे फडातलं गाणं. घरच्या लेकीच्या तोंडात नको." घरातला म्हातारा माणूस अर्ध्या ताटावरून उठला. पोरीनं काय समजायचं ते समजलं.

त्यानंतर आईनं ते गाणं म्हटलं नाही. पण चाल? चालीला कोण अडवणार? भाकरी थापताना, कापूस वेचताना, आम्हाला झोपवताना ती तोंड मिटून नुसती चाल गुणगुणायची. मी लहानपणी ते गाणं असंच ऐकलं, शब्दांशिवाय. मला वाटायचं ही आईची स्वतःची चाल आहे. पुढं मी शाळेत असताना शेजारच्या लग्नात कर्ण्यावर ते लागलं आणि मी ओरडले, "आईचं गाणं!" मांडवातले सगळे हसले. आई मात्र एकदम घरात गेली.

आता यातून हिशोबाला काय मिळतं ते बघू. शब्द काढून घेतल्यावरही जी चाल वीस वर्षं टिकते, ती चाल बारा आण्यांची म्हणायची की नाही? पण शब्द काढून घ्यावे लागले, ते का? शब्दांतही दम होता म्हणूनच ना!

बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या अंगाला घालायचा दागिना. गाण्यात बाईची बुगडी जाता जाता पडते. वाटेत दागिना पडला की पोटात कसा गोळा येतो ते तुम्हाला मी सांगायला नको. घरी गेल्यावर काय सांगायचं, कुणी बघितलं का, कुठं गेले होते म्हणून विचारतील का. म्हणजे वरवर बघितलं तर सरळ घरगुती गोष्ट. पण खाली दुसराच अर्थ वाहत असतो, तो ऐकणाऱ्या प्रत्येकीला कळतो आणि सगळ्या न कळल्यासारखं दाखवतात. उखाण्यात नाही का आपण असंच करत? चांगल्या गाण्यात हातात धरता येईल अशी एखादी वस्तू असते. बुगडी असते, ऐरण असते, साडी असते. नुसतं प्रेम, विरह, काळीज, आभाळ असं मोघम बोलणाऱ्या गाण्यांत माझं लक्ष पाच मिनिटंही टिकत नाही. वस्तू दिसली की गोष्ट दिसते, आणि गोष्ट दिसली की शब्द पाठ करावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट धृपदाची. गाण्याची पहिली ओळ, जी फिरून फिरून येते, ते धृपद. मधली कडवी. आमच्या गटातली एक वहिनी म्हणाली, "कडवं म्हंजी सासर आणि धृपद म्हंजी माहेर. कितीबी लांब जा, यायचं तिथंच." हसण्यावारी म्हणाली, पण नीट ऐकाल तर तसंच घडतं. कडव्यात चाल वर चढते, अनोळखी जागी जाते, आपला जीव थोडा टांगणीला लागतो. मग शेवटच्या ओळीत ती वळते, आणि धृपद येणार हे आपल्याला आधीच कळतं. ते कळणं आणि प्रत्यक्ष येणं यामधला जो क्षणभर असतो, तिथं अंगावर काटा येतो.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली हेच तपासलं. लोकांना त्यांच्या आवडीची, अंगावर काटा आणणारी गाणी ऐकवली आणि मेंदूत काय चालतं ते यंत्रांनी पाहिलं. आवडीचा पदार्थ खाताना मेंदूत डोपामिन नावाचं जे द्रव्य स्रवतं, तेच गाण्यानंही स्रवतं. आणि गंमत अशी की त्या गोड जागेवर पोचल्यावर तर स्रवतंच, पण 'आता ती जागा येणार' या वाट बघण्यातही स्रवतं. पुरणपोळी तव्यावर असताना वास येतो तेव्हाच तोंडाला पाणी सुटतं, तसं. म्हणून धृपद फार लवकर परत आलं तर मजा नाही आणि फार उशिरा आलं तर माणूस विसरतं. ओळखीचं किती आणि नवं किती, याचं माप ज्याला साधलं त्याला गाणं साधलं. भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं ते कुठं लिहिलेलं असतं का? तसंच हे.

आणि गाणी तीन-साडेतीन मिनिटांचीच का असतात, हे कधी मनात आलं आहे का? जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे फिरायच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. त्यात धृपद, दोन-तीन कडवी, मधले वाद्यांचे तुकडे, सगळं बसवायचं म्हणजे पाल्हाळ लावायला जागाच नाही. पुढं कॅसेट आली, मोबाईल आला, जागेची अडचण संपली, पण कानाला तेच माप बसलं ते बसलंच. आणखी एक सांगू? त्या तबकड्या बनायच्या लाखेपासून. ज्या लाखेच्या बांगड्या आपण जत्रेत घेतो, तीच लाख. बांगडीसारखीच ती तबकडीही हातातून पडली की फुटायची.

परत आईकडं येते. मध्यंतरी आपल्या रेडिओसाठी ग. दि. माडगूळकरांवर कार्यक्रम करायचा होता. माडगूळकर म्हणजे आपल्या माणदेशचे. जन्म १९१९ साली शेटफळ्याला, गाव माडगुळं, दोन्ही आटपाडी तालुक्यात. इथून एस.टी.नं फार लांब नाही. माडगुळ्याच्या रानात 'बामणाचा पत्रा' म्हणून त्यांची लिहिण्याची जागा होती. तिथं ते आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश माडगूळकर लिहीत बसत. गीतरामायण तुम्हाला ठाऊकच आहे. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, दर आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न गाणी, चाली सुधीर फडके यांच्या. आमचे आबा त्यातलं एखादं गाणं चावडीच्या रेडिओवर लागलं की पागोटं सारखं करून हात जोडून बसायचे, हे आईनंच मला सांगितलेलं.

आणि कार्यक्रमाची जुळवाजुळव करताना मला कळलं, की 'सांगत्ये ऐका'ची गाणी माडगूळकरांचीच आहेत. 'बुगडी'ला चाल वसंत पवारांची, शब्द माडगूळकरांचे. मी पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हंजी आबांनी हात जोडलं ती बी त्येंचीच, आन् माझ्या तोंडातली काढली ती बी त्येंचीच?"

"हो."

"मग आबांना कुणी सांगितलं कसं न्हाई?"

मी काय बोलणार? तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली. आईनं पदराला हात पुसले आणि म्हणायला सुरुवात केली. धृपद, पहिलं कडवं, दुसरं, सगळं. एक शब्द चुकला नाही. साठ वर्षं तिनं ते तोंडात येऊ दिलं नव्हतं, पण आत ते जसंच्या तसं होतं. मला वाटलं होतं तिला फक्त चाल येते.

आबांचा मला राग येत नाही असं म्हणणार नाही. येतो. पण एकट्या आबांचं काय घेऊन बसायचं? लावणी ऐकायची पुरुषांनी, शिट्ट्या मारायच्या पुरुषांनी, आणि घरच्या बाईनं म्हटली की घराण्याची अब्रू जाणार, असाच सगळीकडं कायदा होता. सुलोचना चव्हाण यांचं उदाहरण घ्या. एवढी ठसकेबाज लावणी गाणारी बाई, पण मंचावर उभी राहायची ती डोक्यावर पदर घेऊन. अदा नाही, हातवारे नाहीत, जे काय आहे ते सगळं आवाजात. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्यांची लावणी ऐकताना डोळे मिटून ऐका. शब्दाच्या शेवटी आवाजाला जो हलका झटका देतात, तो शिकवून येत नाही.

आता थोडं कामाचं बोलते, कारण पुष्कळ गट रेकॉर्डिंगला येतात आणि एकाच जागी अडकतात. साध्या माणसाचा गळा साधारण दीड सप्तक फिरतो. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक सप्तक, आणि वर थोडं. जी गाणी घराघरांत गेली त्यांतली बहुतेक या मापात बसतात, म्हणून तर आपल्याला म्हणता येतात. पण आपण काय करतो? उत्साहाच्या भरात धृपदच एवढ्या उंच धरतो की कडवं वर चढलं की निम्म्या बायका गप्प होतात आणि उरलेल्या किंचाळतात. यावर सोपा उपाय आहे. आधी गाण्यातली सगळ्यात वरची जागा गुणगुणून बघा, ती सगळ्यांना आरामात लागते का बघा, आणि मग तिथून खाली येऊन धृपदाचा सूर पकडा. भजनी मंडळाची पेटी मिळाली तर पुरुषांच्या पट्टीत म्हणू नका. काळी चार किंवा काळी पाच घ्यायला सांगा, बायकांच्या गळ्याला बहुधा तीच बसते. पेटीवाले दादा कुरकुरतील. कुरकुरू द्या.

बरं, झिंगाटचं काय? सुना वाट बघत असतील, आता ही बाई आमच्या गाण्याला नावं ठेवणार म्हणून. नाही ठेवत. 'सैराट' २०१६ साली आला. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. सिनेमातली बोली आपली, वावरं आपली, विहिरी आपल्या. संगीत अजय-अतुल यांचं, आणि त्यासाठी पार अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलेलं. करमाळ्याच्या मातीला तिकडची व्हायोलिनं! पुढं कानडीत 'मनसु मल्लिगे' आणि हिंदीत 'धडक' असे सिनेमे निघाले, त्यांतही झिंगाटची चाल तशीच ठेवावी लागली. शब्द बदलले, भाषा बदलली, पाय तेच हलले.

आमच्या परीक्षेला मात्र मी ते बसवलं. गटातल्या तीन सुनांना म्हटलं, डीजे नाही, मोबाईल नाही, नुसतं तोंडानं म्हणा. पहिल्यांदा ते अगदीच लुळं पडलं. त्या स्वतःच हसायला लागल्या. मग एकीनं कोपऱ्यातली परात उचलली आणि उलथन्यानं ठेका धरला, दुसरीनं टाळ्या घेतल्या, आणि गाणं ताडकन उभं राहिलं. आक्कांचासुद्धा गुडघा हलायला लागला, मी पाहिलं. म्हणजे त्या गाण्याचे बारा आणे ठेक्यात आहेत. भाकरी थापताना ते म्हणता येत नाही, पण हळदीत त्याच्यासमोर बसून राहणंही जमत नाही. मी चौदा आणे दिले. सुनांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

'सैराट'मधलं मला जास्त आवडतं ते श्रेया घोषालनं गायलेलं 'आताच बया का बावरलं'. मुलगी स्वतःशी बोलते, आपल्या बोलीत बोलते, स्वतःच्या मनात काय चाललंय ते स्वतःलाच विचारते. ते परातीशिवायही उभं राहतं. चुलीपुढं तर फारच छान.

आता माझं सोळा आणे गाणं कोणतं ते सांगते, कारण मावशींनी बजावलं आहे की नुसतं दुसऱ्यांच्या गाण्यांचे आणे मोजून पळून जायचं नाही.

'रेशमाच्या रेघांनी'. 'मराठा तितुका मेळवावा' या भालजी पेंढारकरांच्या १९६४च्या चित्रपटातली लावणी. लिहिली शांता शेळके यांनी. त्यांचा जन्म इंदापूरचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून. गायली आशा भोसले यांनी. आणि संगीतकाराचं नाव पडद्यावर दिसतं आनंदघन. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. त्यांनी या नावानं चार मराठी चित्रपटांना संगीत दिलं. ज्या लावणीला घरच्या बाईनं तोंड लावू नये असं आमच्या आबांच्या पिढीनं ठरवलं होतं, त्या लावणीचे शब्द बाईचे, चाल बाईची आणि गळा बाईचा. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्याआधी कितीदा तरी म्हटलेलं गाणं, पण कुणी सांगितलंच नव्हतं.

आता त्याची परीक्षा घेऊ. वस्तू आहे का? आहे, साडी आहे, आणि तिच्यावर बाईनं स्वतः काढलेला कानडी कशिदा. आपण सीमेवरची माणसं, कानडी टाक्यांचं अप्रूप आपल्याला वेगळं सांगायला नको. आमच्या गटातल्या दोघी अजूनही तसलं काम करतात, डोळे दुखेस्तोवर. दोन अर्थ आहेत का? आहेत. वरवर ती आपल्या हातच्या कामाला जपते आहे, कुणी हात लावू नये म्हणते आहे. आणि तेच शब्द तिच्या स्वतःबद्दलही आहेत. रागावून बोललेली नाही, रडून बोललेली नाही. ठसक्यात, हसत, नटून-थटून ती 'नाही' म्हणते. बाईचं 'नाही' एवढं देखणं करून दुसऱ्या गाण्यात मी ऐकलं नाही. तोंडात बसतं का? नुसतं नाव म्हणून बघा, दोन्ही शब्द 'रे'नंच सुरू होतात, जीभ आपोआप पुढं सरकते. ठेका टाळीवर येतो. चाल चुलीपुढं टिकते. आणि दुसरीला उचलता येतं का? आमच्या गटात मी पहिली ओळ धरली तर दुसरी ओळ मला म्हणावीच लागली नाही. अकरा जणींनी उचलली, आक्कांसकट. अभंग म्हणणाऱ्या आक्कांना ती पूर्ण पाठ होती. कुठून पाठ झाली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तुमचं सोळा आणे गाणं वेगळं असेल. असू दे. आपल्या कार्यक्रमात पुढचे तीन बुधवार त्यासाठीच राखून ठेवले आहेत. गटानं यायचं, एकच गाणं आणायचं आणि ते का आणलं ते दोन वाक्यांत सांगायचं. ओवी चालेल, भलरी चालेल, सिनेमाचं चालेल, लावणी तर चालेलच. येताना मोबाईल बंद करून पिशवीत ठेवा. खोलीतला पंखा रेकॉर्डिंगला बंद करावा लागतो, तेव्हा पाण्याची बाटली आणा. माईक फार कानाचा तिखट आहे, त्याला बांगड्यांचा आवाजही ऐकू येतो. सिनेमाचं गाणं म्हणणार असाल तर हात मांडीवर ठेवा. ओवी म्हणणार असाल तर बांगड्या वाजू द्यात, जातं आम्ही आणून ठेवतो.

आई पहिल्या बुधवारी येणार आहे. एस.टी.नं येते म्हणाली, न्यायला येऊ नको.